भिंत कुणाची? फिलाडेल्फियाची भित्तिचित्रे आणि भिंतीशेजारची माणसे

 

आज आपण एका शहराच्या भिंती बघणार आहोत. शहर आहे अमेरिकेतले फिलाडेल्फिया. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन यांच्या मधोमध, डेलावेअर नदीच्या काठी, साधारण सोळा लाख वस्तीचे. १७७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा इथेच मंजूर झाला, एवढे आपण शाळेत वाचलेले असते. पण गेल्या चाळीस वर्षांत या शहराला आणखी एक ओळख मिळाली आहे. एका सार्वजनिक उपक्रमातून तिथे आजवर चार हजारांहून अधिक भित्तिचित्रे काढली गेली. भित्तिचित्र म्हणजे कंपाउंडवर काढलेली फुले-पाने असे समजू नका. तीन-तीन मजली घराची अख्खी बाजू व्यापणारी ही चित्रे आहेत.

आता चित्रे सुंदर आहेत, एवढेच सांगायचे असते तर व्याख्यानाची गरज नव्हती, नुसते फोटो दाखवून भागले असते. आपला प्रश्न वेगळा आहे. भिंतीवर चित्र आल्याने तिच्या शेजारी राहणाऱ्या माणसांच्या आयुष्यात काही फरक पडतो का? आणि पडत असेल, तर तो चित्रामुळे पडतो की चित्र काढताना जो खटाटोप करावा लागतो त्यामुळे? आम्ही या विषयाचे वाचन सुरू केले तेव्हा आमचा ओढा पहिल्या उत्तराकडे होता. आज आम्ही दुसऱ्या उत्तराच्या बाजूने बोलणार आहोत. पण त्यातही एक मेख आहे, ती शेवटी बघू.

एवढ्या उघड्या भिंती आल्या कुठून?

सुरुवात घरांपासून करू. आपल्याकडे पुण्या-नाशिकला रो हाउस असतात ना, तशी घरे म्हणजे फिलाडेल्फियाची ओळख. एकाला एक चिकटलेली, दोन-तीन मजली, विटांची अरुंद घरे. दोन घरांच्या मधली भिंत सामाईक. गल्लीच्या गल्ली अशी. ही घरे बहुतांशी कामगारांची. कापड, टोप्या, रेल्वे इंजिने, जहाजे, काय वाटेल ते या शहरात तयार होत असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने एकेक करून बंद पडू लागले. गिरण्या बंद पडल्या की वस्तीचे काय होते, हे मुंबईच्या गिरणगावाने बघितलेले आहे, त्यामुळे ते वेगळे सांगायला नको. १९५० साली फिलाडेल्फियाची लोकसंख्या वीस लाख सत्तर हजारांच्या घरात होती. १९९० पर्यंत ती पंधरा लाख पंचाऐंशी हजारांवर आली. चाळीस वर्षांत पावणेपाच-पाच लाख माणसे कमी झाली, मग घरे रिकामी पडणारच. रिकामे घर गळते, खचते, त्यात आग लागते. मग पालिका ते पाडून टाकते.

इथे रो हाउसची गंमत लक्षात घ्या. रांगेतले एक घर पाडले की शेजारच्या घराची सामाईक भिंत उघडी पडते. तिला खिडकी नाही, दार नाही, कारण ती कधी बाहेरची भिंत नव्हतीच. पाडलेल्या घराच्या जिन्याची तिरपी खूण, कुणाच्या तरी खोलीच्या रंगाचा चौकोन, असे काय काय तिच्यावर राहून जाते. आणि समोर मोकळा प्लॉट, म्हणजे थोड्याच दिवसांत कचराकुंडी. ज्या भिंतींवर पुढे चित्रे आली, त्यांतल्या कितीतरी भिंती अशा आहेत. चित्राला मिळालेली ती सपाट, मोठी जागा म्हणजे शेजाऱ्याचे गेलेले घर आहे, हे आपण पुढे बोलताना विसरायचे नाही.

शिक्षेऐवजी रंग

या उघड्या भिंतींवर आधी आली ती ग्राफिटी. स्प्रेच्या डब्याने आपले टोपणनाव जागोजागी लिहीत सुटायचे. आधुनिक ग्राफिटीची सुरुवात शोधणारे बरेच अभ्यासक ज्या मुलापाशी येऊन थांबतात, तो डॅरिल मॅक्रे फिलाडेल्फियाचाच. १९६० च्या दशकात ‘कॉर्नब्रेड’ या नावाने त्याने शहर भरवून टाकले होते.

१९८४ साली विल्सन गूड महापौर झाले. शहराचे ते पहिले कृष्णवर्णीय महापौर. ग्राफिटी थांबवा, ही लोकांची मोठी मागणी होती. त्यांनी ग्राफिटीविरोधी मोहीम सुरू केली आणि तिच्यात एक वेगळी वाट ठेवली. ज्या मुलांनी भिंती खराब केल्या, त्यांनी ‘पुन्हा करणार नाही’ असे लिहून द्यावे आणि भिंती साफ करण्याच्या कामाला लागावे. या मुलांबरोबर काम करायला जेन गोल्डन नावाच्या चित्रकर्तीला घेतले. लॉस एंजेलिसच्या बाजूला तिने भित्तिचित्रांचे काम केलेले होते.

गोल्डन यांच्या ध्यानात आले की ज्यांना आपण उपद्रवी म्हणतो, त्या मुलांचा हात तयार आहे. मोठ्या भिंतीवर अक्षर कसे बसवायचे, कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी उठून दिसतो, हे त्यांना कुणी न शिकवता येत होते. भिंत पुसण्याचे काम हळूहळू भिंत रंगवण्याकडे वळले. १९९६ मध्ये या कामाची नव्याने मांडणी होऊन ‘म्युरल आर्ट्स प्रोग्रॅम’ उभा राहिला. पालिकेचा पैसा आणि लोकांच्या देणग्या, असा दोन्हींवर तो चालतो.

मधल्या काळातले एक चित्र सांगायला हवे. १९९० साली केंट ट्विचेल या चित्रकाराने बास्केटबॉलपटू ज्युलियस अर्व्हिंग यांचे तीन मजली चित्र काढले. अर्व्हिंग म्हणजे तिथल्या लोकांचा लाडका ‘डॉक्टर जे’. गंमत अशी की या चित्रात तो खेळाच्या पोशाखात नाही, हातात चेंडूही नाही. सूट घालून शांत उभा आहे. गरीब वस्तीतल्या मुलाला रस्त्यावरून जाताना आपल्यासारख्या वर्णाचा, रुबाबात उभा असलेला, तीन मजली उंच माणूस दिसावा, याचा अर्थ काय होत असेल, तो विचार करून बघा.

एक भिंत रंगते कशी?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. चित्रकार आला, परांची बांधली, रंगवून गेला, असे तिथे होत नाही. सुरुवात होते सभेने. वस्तीतली माणसे, घरमालक, शाळेतले शिक्षक, चर्चचे लोक, कुणीही. प्रश्न एकच: या भिंतीवर काय असावे?

आपल्या हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा डोळ्यांसमोर आणा. इमारतीला बाहेरून कुठला रंग द्यायचा, एवढ्यावर दोन सभा जातात. इथे तर चित्र ठरवायचे आहे! कुणी म्हणतो, आमच्या भागातल्या गायकाचे काढा. कुणी म्हणतो, नको, बाग काढा. कुणाचा मुलगा याच कोपऱ्यावर गोळीबारात गेलेला असतो. आणि कुणीतरी म्हणतोच, चित्र काय करायचेय, आधी रस्त्यावर दिवे लावा. हे सगळे बोलणे ऐकून चित्रकार आराखडा करतो, तो परत सभेपुढे येतो, त्यात बदल होतात. यात महिनोन्‌महिने जातात. बाहेरून बघणाऱ्याला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटेल. पण ज्या गल्लीत शेजारी एकमेकांशी बोलत नाहीत, तिथे महिनोन्‌महिने एका प्रश्नावर भांडायला एकत्र बसणे हीच मोठी घटना असते.

मग येते कारागिरी. सगळ्यांना परांचीवर चढवता येत नाही. म्हातारी माणसे असतात, लहान मुले असतात. त्यावर उपाय म्हणून एक न विणलेले, पातळ कृत्रिम कापड वापरतात. तिकडे त्याला पॅराशूट कापड म्हणतात. आराखड्याचे चौकोन पाडायचे, साधारण पाच-पाच फुटांचे. प्रत्येक चौकोनात रेषा काढून कुठे कुठला रंग भरायचा त्याचे आकडे घालायचे. लहान मुलांच्या रंगपुस्तकात असतात तसेच. मग ते कापड शाळेत न्या, वृद्धाश्रमात न्या, तुरुंगात न्या. जो तो आपापला तुकडा रंगवतो. शेवटी हे तुकडे भिंतीवर अ‍ॅक्रिलिक जेलने वॉलपेपरसारखे चिकटवतात आणि जोड बुजवतात. थंडीत बाहेर काम करता येत नाही तेव्हाही आत बसून हे चालू राहते. कामाची सोय म्हणून आलेल्या या पद्धतीने एक मोठी गोष्ट साधली. ज्याला चित्रकला येत नाही, तोही पुढे तीस वर्षे बोट दाखवून म्हणू शकतो, ‘तो निळा तुकडा माझा.’

आपल्याला हे फार अनोळखी वाटू नये. वारली लग्नात घराच्या भिंतीवर जो चौक लिहितात, तो सवाशिणी लिहितात, आणि तो लिहिणे हा लग्नविधीचाच भाग असतो. कोण लिहिते, कुठल्या प्रसंगी लिहिते, यावर तिथे चित्राचा अर्थ ठरतो. फिलाडेल्फियाने हीच गोष्ट एका मोडकळीला आलेल्या औद्योगिक शहरात, वेगळ्या वाटेने शोधून काढली, असे म्हणता येईल.

दोन अवघड भिंती

उदाहरणे दोनच घेऊ, पण नीट बघू.

पहिले ग्रेज फेरी या वस्तीचे. दक्षिण फिलाडेल्फियातला हा कामगारांचा भाग. आयरिश वंशाचे गोरे आणि कृष्णवर्णीय, दोन्ही इथे शेजारी शेजारी आणि तरी वेगवेगळे राहत. १९९७ साली तिथे वांशिक हल्ल्यांनी वातावरण पेटले, सगळ्या देशाच्या बातम्यांत ही वस्ती आली. अशा वेळी चित्र काढायला जाणे म्हणजे घर जळत असताना पडदे निवडण्यासारखेच वाटणार. पण सभा झाल्या. चेहरा काढायचा म्हटले की कुणाचा, हा वाद येणार. म्हणून शेवटी हात निघाले. तिथल्याच रहिवाशांचे, वेगवेगळ्या वर्णांचे, एकमेकांवर ठेवलेले हात, आणि मागे आकाश. जेन गोल्डन आणि पीटर पॅगास्ट यांनी ते चित्र केले. नाव ‘पीस वॉल’. या चित्राने वस्तीतला वर्णभेद संपला, असे आम्ही म्हणणार नाही, कुणीच म्हणू नये. झाले ते एवढेच, की दोन्हीकडची माणसे एका खोलीत बसली आणि त्याची खूण कोपऱ्यावर राहिली.

दुसरे उदाहरण त्याहून कठीण. शहराबाहेर ग्रेटरफर्ड नावाचा मोठा तुरुंग होता. तिथले बरेच कैदी जन्मठेपेचे. त्यांच्यासाठी चित्रकलेचे वर्ग चालत. त्यातून कल्पना निघाली की गुन्हेगार आणि गुन्ह्याला बळी पडलेली कुटुंबे यांनी मिळून एक भित्तिचित्र करावे, विषय ‘जखम भरून येणे’. आता बघा, ज्या आईचा मुलगा मारला गेला तिने कुणाच्या तरी मारेकऱ्यासमोर बसून रंगांची चर्चा करायची! ते सोपे गेले नाही. कैद्यांना पश्चात्ताप आणि सुटका चित्रात यायला हवी होती, कुटुंबांना आपले दुःख. एकाचे भरून येणे दुसऱ्याला आपल्या दुःखाची टर उडवल्यासारखे वाटू शकते. २००४ साली जे तयार झाले ते एक चित्र नव्हते. उत्तर फिलाडेल्फियात, जर्मनटाउन अ‍ॅव्हेन्यूवर, दोन भिंती उभ्या राहिल्या. एक बळींचा प्रवास सांगणारी, दुसरी कैद्यांचा. सीझर विव्हेरोस आणि पॅरिस स्टॅन्सेल यांचे हे काम. ‘काँक्रीट, स्टील अँड पेंट’ हा माहितीपट याच प्रक्रियेवर आहे.

आम्हाला यात शिकण्यासारखे वाटते ते हे, की एकमत झाल्याचे खोटे चित्र काढले गेले नाही. दोन भिंती म्हणजे दोन बाजू, जवळजवळ पण वेगळ्या. सार्वजनिक चित्राने सगळ्यांना हसत हातात हात घालून उभे केलेच पाहिजे असे नाही. मतभेदही प्रामाणिकपणे रंगवता येतो.

पण फरक पडतो का?

हा प्रश्न भावनेवर सोडून चालत नाही. म्युरल आर्ट्स आणि शहराचे मानसिक आरोग्य खाते यांनी मिळून ‘पोर्च लाइट’ नावाचा उपक्रम चालवला. मानसिक आजारातून किंवा व्यसनातून बाहेर येणारी माणसे आणि वस्तीतले इतर लोक यांनी एकत्र भित्तिचित्रे करायची. येल विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतल्या संशोधकांनी काही वर्षे या उपक्रमाचा अभ्यास केला आणि २०१५ साली अहवाल दिला. जिथे नवी चित्रे झाली त्या परिसरातल्या लोकांची तुलना, जिथे झाली नाहीत अशा परिसरातल्या लोकांशी केली.

निष्कर्ष माफक आहेत, पण आहेत. नव्या चित्रांच्या आसपास राहणाऱ्यांना आपला परिसर बरा वाटू लागला. शेजाऱ्यांचा एकमेकांवरचा विश्वास, आणि ‘वेळ आली तर इथली माणसे धावून येतील’ ही भावना तुलनेने वाढली. मानसिक आजार आणि व्यसन यांना चिकटलेला कलंकही काही गटांत कमी झालेला दिसला. धावून येतील, हा विश्वास छोटा समजू नका. रात्री गल्लीत दोन मुले मारामारी करताहेत आणि वरून कुणीतरी खिडकी उघडून ओरडते, की सगळ्या खिडक्या बंद होतात, यावर गल्लीचे बरेच काही ठरते.

मर्यादाही सांगायला हव्यात. चित्राने छप्पर गळायचे थांबत नाही, बंद कारखाना उघडत नाही. आणि परिसर बरा दिसू लागला की जागेचे भाव वाढू लागतात. समोरचा मोकळा प्लॉट विकला जातो, तिथे नवे घर चढते आणि चित्र मागे झाकून जाते. जॅझ संगीतकार जॉन कोल्ट्रेन १९५० च्या दशकात उत्तर फिलाडेल्फियात राहत असे. त्याच्या घराजवळच २००२ मध्ये त्याचे भित्तिचित्र झाले. २०१४ मध्ये ती इमारतच पाडली गेली, चित्रासकट. लोकांनी पाठपुरावा केला आणि २०१७ मध्ये जवळच दुसऱ्या भिंतीवर नवा कोल्ट्रेन उभा राहिला. पहिले चित्र गेल्यावर लोकांना चुकल्यासारखे वाटले, हा त्या चित्राच्या परिणामाचा आमच्या मते चांगला पुरावा आहे.

आता ती मेख

आतापर्यंतचे ऐकून वाटेल, की वस्तीला विचारा आणि चित्र काढा, की झाले. मग हे ऐका.

फ्रँक रिझो हा १९६७ ते १९७१ शहराचा पोलीस आयुक्त आणि १९७२ ते १९८० महापौर होता. दक्षिण फिलाडेल्फियातल्या इटालियन वंशाच्या कित्येक लोकांना तो आपला माणूस वाटे. साध्या घरातून वर आलेला, आपल्या बाजूने उभा राहणारा. कृष्णवर्णीय लोकांच्या आठवणीत मात्र तो पोलिसी दंडेलशाहीचा चेहरा होता. १९७९ साली तर केंद्राच्या न्याय खात्याने पोलिसी अत्याचारांवरून शहराच्या प्रशासनावर खटला भरला होता. १९९१ मध्ये रिझो वारला आणि १९९५ मध्ये इटालियन मार्केटमधल्या एका भिंतीवर त्याचे मोठे चित्र झाले. तिथल्या लोकांना ते हवे होते. म्हणजे आपल्या कसोटीला ते उतरले, नाही का?

पण त्या बाजारातून सगळे शहर ये-जा करते. चित्रावर वर्षानुवर्षे रंग फेकला जात राहिला आणि ते पुन्हा पुन्हा दुरुस्त होत राहिले. २०२० च्या मे महिन्यात मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला. जूनच्या सुरुवातीला म्युरल आर्ट्सने जाहीर केले की या चित्राच्या दुरुस्तीत आम्ही यापुढे नसू. त्यानंतर काही दिवसांतच ते चित्र रंगाखाली गेले.

यातून काय घ्यायचे? ‘समाज’, ‘वस्ती’ हे शब्द आपण सहज वापरतो. पण भिंतीशेजारी राहणारे, भिंतीसमोरून रोज जाणारे आणि भिंतीवरच्या माणसाचा ज्यांना मार बसला ते, हे तीन वेगळे समाज असू शकतात. पहिल्यांना विचारले म्हणून बाकीच्यांना विचारले असे होत नाही. आणि एकदा विचारले म्हणून कायमचे विचारले असेही होत नाही. २५ वर्षांनी गल्लीत माणसे बदललेली असतात.

थांबण्याआधी, आलेल्या प्रश्नांपैकी दोन घेतो.

प्रश्न: एवढ्या पैशात दिवे लागले असते, गटारे झाली असती. चित्र ही चैन नाही का?

उत्तर: दिवे आणि गटारे हा नागरिकांचा हक्क आहे, चित्र त्याला पर्याय नाही. चित्र दाखवून कुणी गटाराचा प्रश्न झाकत असेल तर तिथे विरोधच करायला हवा. पण सभेत दिवे मागायला जी माणसे एकत्र येतात, ती कधीतरी पहिल्यांदा कशासाठी तरी एकत्र आलेली असावी लागतात. चित्राने तेवढे झाले, तर त्या सभेत दिव्यांची मागणी निघतेच, हे आपण वर पाहिले.

प्रश्न: आमच्या गल्लीत एक मोठी भिंत आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर: रंगाच्या दुकानातून करू नका. आधी चार गोष्टी विचारा. भिंत कुणाची आहे, आणि मालकाने लेखी होकार दिला आहे का? भिंतीत ओल आहे का? असेल तर दोन पावसाळ्यांत पोपडे निघतील, आधी गिलावा नीट करा. रोज ती बघणार कोण, आणि त्यांच्यातल्या किती जणांशी तुम्ही बोललात? आणि पाच वर्षांनी रंग उडाला, तर परांची बांधणार कोण? यांची उत्तरे शोधायला सहा महिने लागले तरी हरकत नाही. तेवढ्या काळात ज्या घरांच्या बेल तुम्ही आजवर वाजवल्या नव्हत्या, त्या वाजवून झालेल्या असतील.